उघाडीचे दिवस आणि जुनें गोवें

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत धर्मग्रामाचा साद्यंत वृत्तांत अन्यत्र आलाच आहे. तो पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ज्या शहरांतून आमच्या पूर्वजांकडे धर्मगुरु आले, ज्याच्या महागुरूंच्या छत्राखालीं वसईच्या ख्रिस्ती जनांनीं कित्येक पिढ्या काढल्या, आणि जेथें आजही आमचीं कुटुंबें मोठ्या भक्तिभावानें यात्रेस जातात, त्या जुन्या गोव्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

२१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत तेथें संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शवाचें प्रदर्शन झालें. यात्रेहून परत आलेले लोक तेथील देवळांची भव्यता, दर्शनाची रांग आणि त्या दिवसांतली सुखद हवा यांचें मोठ्या आवडीनें वर्णन करितात. परंतु हा सोहळा नेहमीं पाऊस सरल्यावर, उघाडीच्या दिवसांतच कां होतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पावसांत प्रवास अवघड, हें त्याचें सोपें उत्तर आहे व तें खरेंही आहे. तथापि थोडें खोल पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, त्या शहराचें सारें जीवितच उघाडीच्या आठ महिन्यांवर अवलंबून होतें. त्याचें वैभव त्या महिन्यांत आलें, त्याचे शत्रु त्या महिन्यांत आले, आणि त्याच्या नाशाचें एक मोठें कारणही त्या महिन्यांत उघडें पडत असे.

आमच्या कोळी बांधवांस ही गोष्ट फोडून सांगणें नलगे. आगोट लागली कीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाच्या, आणि नारळी पौर्णिमा झाली कीं पुन्हां दर्यांत लोटावयाच्या, हा कोंकणपट्टीचा पूर्वापार नियम. गोव्यास वर्षाकांठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळांत नैऋत्येचा वारा समुद्र खवळून टाकी, मांडवी नदीच्या मुखाशीं वाळूचा दांडा सांचे, आणि मोठ्या गलबतांस आंत शिरणें किंवा बाहेर पडणें अशक्य होई. पोर्तुगीज लोक या पावसाळ्यासच आपला ‘हिंवाळा’ म्हणत. कारण त्यांच्या देशांत ज्याप्रमाणें हिंवाळ्यांत सर्व व्यवहार मंदावत, त्याप्रमाणें येथें ते पावसाळ्यांत मंदावत. लिस्बनहून गलबतें मार्च-एप्रिलांत निघत, आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचत, आणि मिरीं, दालचिनी व कापड भरून डिसेंबर-जानेवारींत परत फिरत. ही वेळ साधली नाहीं तर वर्ष फुकट जाई, व पुष्कळ वेळां माणसेंही जात.

या नियमाचा कठोर अनुभव शहर घेणाऱ्या सेनापतीस पहिल्याच वर्षीं आला. सन १५१० च्या आरंभीं, भर उघाडींत, आफोन्सो द अल्बुकर्क यानें विजापूरच्या आदिलशहाचें हें बंदर जवळ जवळ न लढतां घेतलें. मे महिन्यांत आदिलशहाची मोठी फौज चालून आली, आणि त्यास शहर सोडून गलबतांवर चढावें लागलें. तोंच पाऊस लागून मांडवीचें मुख बंद झालें. पुढें ऑगस्टपर्यंत तीं गलबतें नदींतच कोंडून पडलीं. वरून तोफांचा मारा, जवळ धान्य नाहीं, आणि चोहोंकडे पाणी असून प्यावयाचें पाणी मिळणें कठीण, अशी त्यांची अवस्था झाली. पाऊस ओसरल्यावर तो बाहेर पडला, आणि उघाड होतांच नवें आरमार घेऊन परत आला. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, संत कातेरिनाच्या सणाच्या दिवशीं, शहर पुन्हां त्याच्या हातीं आलें. त्या विजयानंतर तेथील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. ज्या संतेच्या नांवानें पुढें मोठें कॅथेड्रल उभें राहिलें, तिच्या सणाच्या दिवशीं असें रक्त सांडलें, हें वाचून कोणाही ख्रिस्ती मनुष्यास खंतच वाटेल.

आतां याच मार्गानें आलेल्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांकडे वळूं. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघाले. त्यांच्या गलबतास त्या वर्षींचा मोसम साधला नाहीं. मोझांबिक येथें कित्येक महिने अडकून पडावें लागलें, आणि तेथेंही ते आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिले. अखेर निघाल्यापासून तेरा महिन्यांनीं, ६ मे १५४२ रोजीं, म्हणजे आगोट अगदीं तोंडावर आली असतां, ते गोव्यास उतरले. पोपसाहेबांचे प्रतिनिधि म्हणून त्यांस मानाचें निवासस्थान मिळालें असतें. पण त्यांनीं राहण्यास रुग्णालय पसंत केलें. तो पावसाळा त्यांनीं शहरांतच काढला. आजारी व कैदी यांची सेवा करावी, आणि हातांत लहान घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांस व गुलामांस धर्मशिक्षणास बोलावीत फिरावें, हा त्यांचा नित्यक्रम होता. पाऊस संपल्यावर ते दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर, परवा लोकांकडे गेले. पुढें ते वसईसही येऊन गेले, हें आमचें भाग्य होय.

दुसरे नांव फादर थॉमस स्टीफन्स यांचें. हे इंग्रज येशूसंघी धर्मगुरु २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, म्हणजे गलबतें येण्याच्या ऐन मोसमांत, गोव्यास पोहोंचले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनीं आपल्या वडिलांस प्रवासवृत्ताचें पत्र लिहिलें. तें पत्र मोसम असतांच निघणें जरूर होतें. तो चुकता तर त्यास पुढील वर्षाची वाट पाहावी लागती. स्टीफन्स यांनीं उरलेलें सारें आयुष्य बहुतेक गोव्याच्या सासष्टींत घालविलें, येथील भाषा आत्मसात केली, आणि १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें ‘क्रिस्तपुराण’ आपणां मराठी ख्रिस्ती जनांच्या हातीं दिलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मानानें गणला जातो. दगडी देवळांपेक्षांही टिकाऊ असें कांहीं जुन्या गोव्यानें आपणांस दिलें असेल, तर त्यांत या ग्रंथाची गणना प्रथम केली पाहिजे.

वैभवाच्या काळीं उघाडीच्या दिवसांत हें शहर कसें दिसे, याचें वर्णन परदेशी प्रवाशांनीं करून ठेविलें आहे. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून १५८८ पर्यंत महागुरूंच्या पदरीं चिटणीस होता. मुख्य रस्त्यावर रोज सकाळीं लिलांव भरे; तेथें अरबी घोडे, चिनी रेशीम, जवाहीर, सुगंधी द्रव्यें यांजबरोबर माणसेंही विकलीं जात, असें त्यानें लिहिलें आहे. गोवा पाहिला त्यास लिस्बन पाहण्याची गरज नाहीं, अशी पोर्तुगिजांत म्हण पडली होती. याच शहरांत १५५६ सालीं छापखाना आला. याच शहरांत १५६२ सालीं सुरू झालेलें कॅथेड्रल १६१९ पर्यंत उभें झालें. आणि बॉम जेझूचें देऊळ १५९४ त आरंभून १६०५ त अभिषिक्त झालें.

परंतु लिन्सखोटेननें आणखी एक लहानशी गोष्ट नोंदविली आहे, आणि आमच्या मतें ती साऱ्या वैभवाच्या वर्णनाहून अधिक बोलकी आहे. शहरास पिण्याचें चांगलें पाणी बाहेरून, बायंगिणीच्या झऱ्यावरून, आणावें लागे. गुलाम तें मडक्यांत भरून डोक्यावरून आणीत व घरोघर विकीत. ज्यांच्यापाशीं पैसा असे, त्यांस झऱ्याचें पाणी मिळे. बाकीच्यांस शहरांतल्या उथळ विहिरी होत्या. तेथील जमीन जांभ्याची. जांभा दगड सच्छिद्र असतो, हें आपण आपल्या अंगणांत पाहतोंच. पावसाळ्यांत वस्तीची घाण त्या दगडांतून झिरपून विहिरींत उतरे, आणि उन्हाळ्यांत पाणी आटत जाऊन उरे तें अधिकच दूषित असे. डबक्यांतल्या डांसांमुळें येणारा हिंवताप हा दुसरा शत्रु होता. पण डांसाचा व तापाचा संबंध त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हता.

१५४३ सालीं तेथें पटकीची भयंकर सांथ आली. इतिहासकार गास्पार कोरिया यानें त्या रोगाचें स्थानिक नांवच दिलें आहे, आणि तें नांव म्हणजे आपली ‘मोडशी’ होय. तोच शब्द वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या औषधिविषयक ग्रंथांतही येतो. पोर्तुगीज ग्रंथांत शिरलेल्या आपल्या शब्दांपैकीं एक मृत्यूचा असावा, हा योगायोग मनास चटका लावणारा आहे.

या दुःखास ख्रिस्ती दयाधर्मानें तोंड दिलें नाहीं, असें मात्र नाहीं. सांता काजा द मिझेरिकॉर्दिया ही बंधुसभा अनाथ, विधवा व कैदी यांचा परामर्श घेई. येशूसंघाच्या देखरेखीखालीं चालणारें राजाचें रुग्णालय तर त्या काळीं नामांकित होतें. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०८ सालीं आजारी व कैदी अशा अवस्थेंत तेथें आणला गेला. तेथील स्वच्छ बिछाने, उत्तम जेवण आणि आपुलकी यांची त्यानें मुक्तकंठानें स्तुति केली आहे. आणि तरीही १६०४ पासून १६३४ पर्यंतच्या तीस वर्षांत त्याच रुग्णालयांत सुमारें २५,००० सैनिक मरण पावले, असें इतिहासकार सांगतात. आजाऱ्याची शय्या स्वच्छ होती. विहीर स्वच्छ नव्हती. ज्यांनीं शुश्रूषा केली त्यांचें पुण्य मोठें; परंतु ज्यांच्या हातीं सत्ता व द्रव्य होतें, त्यांनीं देवळांचे घुमट उंच केले व मोकळ्या गटारांकडे दुर्लक्ष केलें, हें विसरतां येत नाहीं.

उघाडीबरोबर शत्रूही येत. १६३६ पासून पुढें कांहीं वर्षें डच आरमार पाऊस सरतांच मांडवीच्या मुखाशीं ठाण मांडून बसे व नव्या पावसाच्या आधीं निघून जाई. त्यामुळें व्यापाराचे जे महिने तेच कोंडमाऱ्याचे महिने झाले. १६८३ च्या नोव्हेंबरांत छत्रपति संभाजी महाराजांनीं शहरासमोरील जुवें बेट घेतलें. विसोरेई आल्व्होरचा काउंट यानें त्या संकटांत आपला राजदंड संत फ्रान्सिस यांच्या शवपेटीशीं ठेवून शहर त्यांच्या हवालीं केल्याचें सांगतात. लौकरच मोंगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें महाराजांस परत फिरावें लागलें. गोव्याच्या लोकांनीं यांत संतांचें साहाय्य पाहिलें. आम्ही मराठी ख्रिस्ती आहों. संभाजीराजांच्या शौर्याविषयीं आम्हांस अभिमान आहे आणि संतांच्या मध्यस्थीवर आमची श्रद्धाही आहे. या दोहोंत विरोध मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

यानंतर शहर झपाट्यानें ओसरूं लागलें. सतराव्या शतकाच्या अखेरीस विसोरेई पणेलीस राहावयास गेले. १७५९ त राजनिवास पणजीस हलला, व त्याच वर्षीं येशूसंघाची गोव्यांतून हकालपट्टी झाली. १८३५ त पुरुषांचे मठ बंद झाले. १८४३ त पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला. ओस पडलेल्या इमारतींचे दगड नव्या शहराच्या बांधकामास गेले. संत आगुस्तिन यांच्या देवळाचें छत १८४२ सालीं कोसळलें. त्याची घंटा १८७१ त पणजीच्या देवळांत गेली. १९३१ त दर्शनी भिंतीचा मोठा भाग ढांसळला. कॅथेड्रलचा एक मनोरा तर १७७६ सालींच पडला होता.

या इतिहासांतलें आणखी एक पान आहे, व तें गाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडून, गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन चाललें. ज्या गार्सिया द ओर्ता यांचा उल्लेख वर आला, ते यहुदी वंशाचे होते. त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनीं, १५८० सालीं, त्यांचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. शहर ज्या रोगानें मरत होतें, त्या रोगाचें वर्णन करणाऱ्या वैद्याच्या अस्थींस हा मान मिळाला! १२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें भर मिस्सेंत, सत्याच्या नांवाखालीं ख्रिस्तसभेच्या लेकरांनीं केलेल्या जुलमांबद्दल देवाची क्षमा मागितली. पोपसाहेबांनीं जें उघडपणें कबूल केलें, तें आम्हीं झांकून ठेवावें हें उचित नव्हे.

मग राहिलें काय? बाजार गेला, राजवाडा गेला, न्यायासन गेलें. जो मनुष्य रुग्णालयांत उतरला होता, त्याची कबर राहिली. संत फ्रान्सिस ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनजवळच्या सांचियान बेटावर निवर्तले. त्यांचें शव मलाक्कामार्गें १६ मार्च १५५४ रोजीं गोव्यास आलें. येशूसंघीयांनीं शव हलविलें अशी वदंता उठल्यामुळें १७८२ सालीं त्याचें जाहीर प्रदर्शन करण्यांत आलें. शहर निर्जन झाल्यावरही १८५९ पासून लोक पुन्हां पुन्हां येतच राहिले. १९६४ पासून दर दहा वर्षांनीं हा सोहळा होत आहे. पूर्वी ज्या मोसमांत मिऱ्यांसाठीं गलबतें येत, त्याच मोसमांत आतां हात जोडून माणसें येतात.

जे पुढें यात्रेस जातील त्यांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी कीं, दर्शन झाल्यावर लगेच परत न फिरतां, संत आगुस्तिन यांच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत चालत जावें. जॉर्जिया देशाची राणी संत केतेवान हिनें १६२४ सालीं इराणांत धर्मासाठीं प्राण दिला. तिचे अवशेष आगुस्तिनियन धर्मगुरूंनीं येथें आणून ठेविले होते. त्या ढिगाऱ्यांतून मिळालेल्या अस्थीची ओळख शास्त्रीय तपासणीनें पटली, व २०२१ सालीं भारत सरकारनें त्यांपैकीं एक भाग जॉर्जियास दिला. दुसरी सूचना बॉम जेझूच्या भिंतींविषयीं. तेथील लाल जांभा पाहून लोक त्याच्या रंगाची वाखाणणी करितात. पण तो दगड उघडा राहावा म्हणून बांधलेलाच नव्हता. त्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तो काढून टाकण्यांत आला, आणि तेव्हांपासून दर पावसाळ्यांत दगड झिजत आहे. उघाडींत जाणाऱ्या यात्रेकरूस ही झीज सहज दिसत नाहीं. गिलावा पुन्हां करावा असें तज्ज्ञांनीं व तेथील धर्मगुरूंनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. देवळाची काळजी कोरड्या दिवसांत घ्यावयाची असते, ही गोष्ट कोंकणांत ज्यानें घर शाकारलें आहे त्यास पटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्या वसईच्या कोटाचीही गत जुन्या गोव्यासारखीच झाली. १७३९ च्या मे महिन्यांत, पाऊस तोंडावर आला असतां, चिमाजी आप्पांनीं तो घेतला. आज आंतलीं बहुतेक देवळें छपराविना उभीं आहेत. परंतु कोटाबाहेरच्या गांवांतलीं धर्मग्रामें नाहींशीं झालीं नाहींत. आमच्या आज्यापणज्यांनीं वाडीत राबून, विहिरीचें पाणी शेंदून आणि संध्याकाळीं तेर्स म्हणून धर्म टिकविला. नागासाकी येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रुसावर प्राण देणारे वसईपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचा वारसा त्यांनींच आमच्यापर्यंत पोहोंचविला. आणि त्याच विहिरींचें पाणी गेल्या शतकाच्या अखेरीस उपसून टँकरनें विकलें जाऊं लागलें, विहिरी मचूळ होऊं लागल्या, तेव्हां हरित वसईच्या चळवळींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो जनतेच्या पुढें उभे राहिले. २५ जुलै २०२४ रोजीं ते देवाघरीं गेले. धर्मगुरूनें पाण्यासाठीं कां भांडावें, असें त्या वेळीं ज्यांनीं विचारलें, त्यांस जुन्या गोव्याचा इतिहास ठाऊक नसावा.

ज्युबिलीच्या वर्षीं देवळाची रंगरंगोटी होते, नवी वेदी घडविली जाते, देणगीदारांचीं नांवें पाटीवर लागतात. हें सर्व योग्यच आहे. देवाचें घर सुंदर असावें. परंतु शंभर वर्षांनीं कोणी आमचा इतिहास लिहील, तेव्हां आमच्या शेजारच्या गरिबाच्या घड्यांत कोणतें पाणी होतें, आमच्या आजाऱ्यांपाशीं कोण बसत होतें, आणि आमच्यांत नसलेल्या मनुष्यास आम्हीं कसें वागविलें, हेंही तो विचारील. जुन्या गोव्यांत या प्रश्नांचीं उत्तरें कांहीं उज्ज्वल व कांहीं लाजिरवाणीं अशीं मिळतात. आमचीं उत्तरें लिहिण्यास अद्यापि वेळ आहे. संत फ्रान्सिस झेवियर व संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीनें दयाळु परमेश्वर आम्हां सर्वांस तशी सद्बुद्धि देवो, हीच प्रार्थना.